धूळ, धूर आणि दारचं झाड



शहरातल्या घरांनी झाडं का लावावीत, आणि लावली तर हवेतली घाण त्यानं कितपत कमी होते, या विषयावर आज मी तुमच्याशी चार गोष्टी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, शहराची ही चिंता सेलूच्या माणसानं सेलू-केळझरच्या लोकांपुढे कशाला मांडावी? आमच्या धुऱ्यावर निंब आहे, बाभूळ आहे. वर बोरचं जंगल आहे, आणि 2014 साली त्याला व्याघ्रप्रकल्पाचा मानही मिळाला. सगळं खरं. पण आपल्यापैकी किती घरांतला मुलगा, जावई, भाचा आज नागपुरात बिऱ्हाड करून आहे, याचा जरा हिशेब करा. आपली नातवंडं तिथल्या हवेत श्वास घेतात. बोरचं जंगल कितीही दाट असलं, तरी नागपूरच्या गल्लीतली धूळ झाडायला ते काही येत नाही.

केंद्र सरकारनं 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा ठरलेल्या मापात बसत नाही, त्यांची यादी त्यात आहे. त्या यादीत आपल्या विदर्भातली नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला ही चार नावं आली. कोळशावर चालणारी वीजकेंद्रं, वाहनांची वर्दळ, बांधकामं, उखडलेले रस्ते आणि जागोजागी पेटवलेला कचरा, असे या हवेचे अनेक धनी आहेत.

या हवेतली खरी घातक वस्तू डोळ्यांना दिसत नाही. आपल्या डोक्याचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. अडीच मायक्रॉनहून बारीक असा जो कण, तो नाकातल्या केसांना जुमानत नाही. थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो, आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. एक घनमीटर हवेत असे कण वर्षाच्या सरासरीनं 40 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, असं आपल्या देशाचं 2009 सालचं मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली ही मर्यादा 5 वर आणली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा वस्तूनं दमा बळावतो, हृदय थकतं.

आता झाडांकडे वळू. शहरातल्या दुकानांत हल्ली 'हवा शुद्ध करणारी रोपं' म्हणून कुंड्या विकतात. लोक त्या हौसेनं घेतात, घरभरणीच्या अहेरातही देतात. या समजुतीचं मूळ बरंचसं अमेरिकेतल्या नासा संस्थेच्या 1989 सालच्या प्रयोगात आहे. बंद पेटीत रोप ठेवलं, पेटीत काही विषारी वायू सोडले, आणि ते कमी झाल्याचं आढळलं. प्रयोग खरा होता, पण आपलं घर म्हणजे काही बंद पेटी नव्हे. दारं-खिडक्यांतून हवा सतत आत-बाहेर करते. 2019 साली दोन संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. निव्वळ वाऱ्यानं जी सफाई होते, तेवढी कुंड्यांकडून करून घ्यायची तर एका चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत रोपं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे कुंड्या ठेवल्यावर माणसानं उभं राहायचं कुठं? त्यातून एका कोपऱ्यात कुंडी आणि दुसऱ्या कोपऱ्यात डासांची कॉइल, असा थाट असला तर विचारूच नका. एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं 2003 सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं.

झाडांची बाजू घ्यायला आलेला मी त्यांच्याच विरुद्ध बोलतो आहे, असं वाटेल कदाचित. पण ज्याला आपण काम सांगतो, त्याला ते पेलतं की नाही हे आधी पाहावं. रस्त्याकाठच्या झाडांचाही असाच हिशेब झालेला आहे. अमेरिकेतल्या 55 शहरांत झाडांमुळे हवा किती सुधारते, हे 2006 साली मोजलं गेलं. बहुतेक ठिकाणी ती सुधारणा शेकडा एकाहूनही कमी भरली. सबंध शहराची हवा झाडं धुऊन काढतील, ही आशा सोडून द्यावी. धूर जिथं उठतो तिथंच तो आवरावा लागतो. वर्ध्याला हे सांगायला नको. 1934 साली निघालेल्या ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीतूनच मगनचूल पुढे आली. चुलीचा धूर धुराड्यानं बाहेर न्यावा, बाईच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढा साधा विचार तिच्यामागे होता.

मग झाड कशासाठी लावायचं? तर आडोशासाठी. अख्ख्या शहराचं सोडा. तुमच्या मुलाची खिडकी आणि तिच्यासमोरचा रस्ता, एवढ्या टापूत झाड खरोखर उपयोगी पडतं. पानावर धूळ बसते. पान खरबरीत, लवदार असलं तर अधिक बसते. पाऊस ती धुऊन मातीत नेतो. रस्ता आणि घर यांच्यामध्ये माणसाच्या डोक्याइतकी उंच, दाट कुंपणझुडपांची रांग असली, तर चाकांनी उडालेली धूळ आणि वाहनांचा धूर यांचा काही भाग तिथंच अडतो किंवा वर वळतो. लहान मुलाचं नाक जमिनीजवळ असतं, हे लक्षात घ्या. उंच झाडाचा शेंडा त्याच्या काय कामाचा? त्याला खालपासून भरलेली पानं हवीत.

यासाठी अडुळसा फार चांगला. शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही, छाटला की दाट होतो, पाणीही बेतानं चालतं. मेंदी आहे. कण्हेर उन्हाला भीत नाही. पण ती विषारी, तेव्हा रांगत्या पोराच्या घरी नको. अंगणात जागा असेल तर कडुनिंब किंवा करंज लावावा. त्यांची पानगळ थोडक्या दिवसांची, लगेच नवी पालवी फुटते. सागाचं पान मोठं खरं, पण आपल्याकडे ऐन धुळीच्या दिवसांत साग उघडाबोडका उभा असतो. गॅलरीत राहणाऱ्यांनी रस्त्याकडच्या जाळीवर मधुमालती चढवावी.

एक सावधगिरी मात्र हवी. गल्ली अरुंद असेल, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं असतील आणि वर झाडांचं छत पार मिटलं असेल, तर खालच्या गाड्यांचा धूर तिथंच कोंडतो. अशा गल्लीत मोठी झाडं दाटीनं लावू नयेत; तिथं झुडपं बरी. आणि झाडाखालची जमीन उघडी ठेवू नये. पावसानं खाली आणलेली धूळ माती सुकली की वाऱ्यानं पुन्हा उडते. खाली गवत असू द्या, नाहीतर वाळल्या पानांचं आच्छादन तरी.

पानांवरून आठवलं. झाडं लावणाऱ्याच घरातला माणूस फाल्गुनात सकाळी अंगण झाडतो आणि पानांचा ढीग करून त्याला काडी लावतो! वर्षभर झाडानं जी धूळ अडवली, तिच्यापेक्षा जास्त धूर तो अर्ध्या तासात करतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, पण नियम काही झाडू हातात धरत नाही. पानं खड्ड्यात घाला, वर थोडी माती आणि शेण टाका, खत होईल. आपणही वावरातली पऱ्हाटी पेटवतोच, तेव्हा शहराला फार बोलायला नको. असो.

लावलेलं झाड जगवणं ही खरी कसोटी. वनमहोत्सव 1950 पासून चालत आला. महाराष्ट्रात 2016 साली दोन कोटी आणि 2019 साली तेहतीस कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला. माझं मत विचाराल तर एवढ्या मोठ्या आकड्याला वैशाखात पाणी कोण घालणार, हे आधी ठरायला हवं होतं. तापमान पंचेचाळीसच्या पुढे गेलं की एका आठवड्याच्या हलगर्जीनं रोप जातं. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी रोपाला चालतं. रोपाजवळ मातीचा लहान माठ तोंडापर्यंत पुरा, पाणी भरून झाकण ठेवा. ते हळूहळू मुळांशी झिरपतं आणि सुट्टीत घर बंद असलं तरी दोन-चार दिवस निभावतात. माठ कोराच हवा, रंगवलेला नको.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक काम आहे. शहरात रोप विकत मिळतं, पण नातवानं आजोबांच्या गावचं झाड लावलं तर ते मरू देताना त्याला जड जाईल. निंबोळी उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आगेमागे पिकते. तिची उगवणशक्ती दोन-तीन आठवडेच टिकते, म्हणून ती साठवून ठेवू नये. शाळा उघडताच मुलांकडून ताज्या, पिवळ्या निंबोळ्या आणवा, गर धुऊन सावलीत सुकवा आणि आठवड्याच्या आत पिशव्यांत लावा. पुढल्या पावसाळ्यापर्यंत रोपं हातभर होतील. नागपूरला जाणाऱ्या पाहुण्याजवळ द्यायची तर पिशवीला ओल्या गोणपाटाचा तुकडा गुंडाळा आणि एसटीत टपावर टाकू नका, पायाशी ठेवायला सांगा.