हळदीच्या दुधाचे मोल



लंडन, सिडनी, सॅन फ्रान्सिस्को येथील उपाहारगृहांत चहा-कॉफीच्या यादीत गेल्या दशकापासून ‘टर्मरिक लाटे’ नावाचे पेय मानाने बसले आहे. २०१६ साली गूगलच्या खाद्यपदार्थविषयक अहवालात हळदीची चढती मागणी नमूद झाली होती. ‘लाटे’ या इटालियन शब्दाचा अर्थ दूध. म्हणजे पडसे-खोकला झालेल्या पोराला कृष्णाकाठची आजी निजताना जे पाजते, तेच हे हळदीचे दूध. उगम आपला, याचा अभिमान जरूर बाळगावा. तथापि त्या उगमापाशी राबणाऱ्याच्या पदरात काय पडते, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या काळ्या जमिनीत अक्षय्यतृतीयेच्या सुमारास हळद लागते आणि आठ-नऊ महिने शेत अडकून राहते. काढणीनंतर ती शिजवायची, उन्हात वाळवायची, पिंपात फिरवून घासायची. पाच मण ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक मण होते. निवडण-टिपण्याचे काम बहुतांशी मजूर स्त्रियांचे. मग माल सांगलीच्या सौद्यात येतो. हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. ज्याच्याजवळ भांडवल तो पेव भरून भाव चढण्याची वाट पाही. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला ही चैन परवडत नसे. बाजारात थांबण्याची शक्ती हीच खरी शक्ती असते.

१९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना हळदीने जखम भरून येण्याच्या गुणावर पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय निबंध पुराव्यादाखल ठेवला गेला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पुढे २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही लाभले. हे दोन्ही विजय मोलाचे आहेत. परंतु त्यांनी ज्ञानाची आणि नावाची राखण केली. श्रमाचा भाव ठरविणे त्यांच्या कक्षेत नव्हते.

तो भाव कसा ठरतो ते पाहा. २०२२-२३ मध्ये भारतात ११.६१ लाख टन हळद पिकली. जगाच्या उत्पादनाचा हा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग होय. त्या वर्षी १.५३ लाख टन हळद आणि तिचे पदार्थ निर्यात होऊन सुमारे २०.७ कोटी डॉलर मिळाले. म्हणजे किलोला सरासरी १.३५ डॉलर. एका पेल्यात दीड ग्रॅम हळद धरली, तर किलोत साडेसहाशेहून अधिक पेले होतात. काही डॉलरना विकल्या जाणाऱ्या पेल्यातील हळदीचे मोल एका सेंटचा पाचवा हिस्सा! हा भावही निर्यातदाराचा. शेतकरी त्याच्या आणखी खाली उभा आहे आणि हळद शिजविणारी मजूर स्त्री त्याच्याही खाली. तीन चतुर्थांश माल ज्या देशाचा, त्या देशातील उत्पादकाला भाव सांगता येत नाही, कारण तो एकेकटा विकतो.

याच कृष्णाकाठाने उसासाठी सहकारी कारखाने उभे केले. हळद मात्र मुख्यतः व्यापाऱ्याचेच पीक राहिली. त्या कारखान्यांचे काय झाले, सभासदांची सत्ता मूठभरांच्या हाती कशी गेली, हेही येथील कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. म्हणून हळदीची सहकारी गोदामे, शिजवणी आणि दळण गावपातळीवरचे, लहान आणि सभासदांच्या नजरेखालचे असावे. आणि त्या सभासदांत निवडणाऱ्या-वाळवणाऱ्या स्त्रियांना मतासह स्थान असावे. तारणावर उचल मिळाली तर शेतकऱ्यालाही थांबता येईल.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ स्थापन होऊन त्याचे मुख्यालय निजामाबादेस गेले. मंडळे होतील, मानांकने मिळतील. परंतु आजीच्या पेल्यातील हळद ज्या हातांनी वाळवली, त्या हातांना संघटित करण्याचे काम कोणतेही मंडळ करणार नाही. ते कार्यकर्त्यांनाच करावे लागेल.