वज्रेश्वरी ते गणेशपुरी: तानसाकाठची पायवाट

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या खोऱ्यात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन तीर्थस्थाने चालत जाण्याजोग्या अंतरावर आहेत.

पदयात्रेची सुरुवात बहुधा वज्रेश्वरीपासून होते. येथील वज्रेश्वरी देवीचे मंदिर उंचवट्यावर असून त्याला किल्ल्यासारखा तट आणि नगारखाना आहे. वसईच्या मोहिमेत मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि 1739 मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यावर हे मंदिर उभे राहिले, अशी परंपरा सांगते. चैत्र अमावास्येच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते.

जवळच अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. त्याला गंधकाचा वास येतो.

वज्रेश्वरीपासून सुमारे 2 किलोमीटरवर गणेशपुरी आहे. तेथे भीमेश्वर महादेवाच्या प्राचीन स्थानाजवळही उष्ण कुंडे आहेत. स्वामी नित्यानंद येथे दीर्घकाळ राहिले आणि 8 ऑगस्ट 1961 रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे समाधिमंदिर आज गावाचे मुख्य श्रद्धास्थान आहे.

भातखाचरे आणि आदिवासी पाड्यांच्या या परिसरात चालण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात तानसेच्या पात्रात उतरू नये. शेताच्या बांधावरून जाताना उभे पीक तुडवू नये, कुंडात साबण वापरू नये आणि प्लॅस्टिकचा कचरा सोबत परत न्यावा.