समुपदेशनाला घरातलं कोण येतं?

(युवा शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)

दोस्तांनो, आयोजकांनी मला ‘अपंगांचं पुनर्वसन आणि कुटुंब’ असा विषय दिला आहे. सरकारी शब्द दिव्यांग आहे, पण माझ्याकडे येणारे बरेच जण स्वतःला अपंगच म्हणवतात, म्हणून मीही तेच म्हणते. मी समुपदेशक आहे. माझ्याकडे माणूस येतो तेव्हा सोबत घरातलं कोण येतं आणि कोण येत नाही, एवढ्यावरच आज बोलणार आहे.

मणक्याला मार लागलेल्या तरुणाचं उदाहरण घेऊ. लोकलमधून पडून, बांधकामावरून पडून, बाईकच्या अपघातात अशी कितीतरी मुलं जायबंदी होतात. कमरेखालची संवेदना गेली की दबलेलं, टोचलेलं कळत नाही. अंथरुणावर असेल तर साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. जखम चिघळून संसर्ग रक्तात गेला तर जीवावर बेततं. लघवी ठरलेल्या वेळी नळीने काढावी लागते. व्हीलचेअरवर बसल्यावरही मधूनमधून अंग उचलून भार हलका करावा लागतो.

आता सांगा, रात्री 2 वाजता कूस कोण बदलतं? अम्मी. केंद्रावर कोण घेऊन येतं? तेही अम्मीच. अब्बू दुकानात, भाऊ ड्युटीवर. घरात याला ‘खिदमत’ म्हणतात, आणि एकदा खिदमत म्हटलं की कामाच्या वाटणीचा विषयच निघत नाही. काही महिन्यांत तिची कंबर धरते, झोप उडते, आणि मग घरात दोन पेशंट होतात. म्हणून मी पहिल्या भेटीतच अब्बूंना आणि भावाला बोलावते. रविवारी या, दुकान बंद करून या, पण या. समोर कोरा कागद ठेवते, त्यावर चोवीस तास मांडते आणि कोणत्या वेळी कोण, हे त्यांच्याच हाताने लिहून घेते. पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, हे भावाकडून माझ्यासमोर करून घेते. पहिल्यांदा तो घाबरतो. तिसऱ्या खेपेला मलाच सांगायला लागतो.

पण घरचे आत आले की दुसरी अडचण सुरू होते. सगळे बोलतात, तो सोडून. मी त्याला विचारते, ‘तुला काय करायचंय?’ उत्तर अब्बू देतात, ‘मॅडम, हा चालायला कधी लागेल?’ मज्जारज्जूची इजा पूर्ण असेल तर चालणं परत येण्याची शक्यता फार कमी असते. हे सांगावं लागतं, आणि एकदा सांगून भागत नाही. तोवर कुणीतरी स्टेम सेलची जाहिरात आणून दिलेली असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मणक्याच्या दुखापतीसाठी असा उपचार मान्य नाही, तरी त्यासाठी दागिने विकले जातात. दुआ करा, उमेद ठेवा. पण बांगड्या विकायच्याच असतील तर त्या पैशांत संडासाचं दार रुंद करा, चांगली गादी घ्या.

एका तरुणाला मी घरच्यांसमोर हाच प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, ‘मला जुम्म्याला मशिदीत जायचंय.’ खोलीत सगळे गप्प. त्याला लोकांसमोर जायला लाज वाटत असेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मग कामाला लागलो. दुसऱ्या मजल्यावरून खुर्ची उतरवायला चार दोस्त, मशिदीच्या पायऱ्यांवर टाकायला फळी, बसल्या जागी वुजू करता येईल असा नळ, आणि निघण्याआधी लघवीची वेळ. हाताच्या ज्या व्यायामाला तो महिनाभर कंटाळत होता, तो आता न सांगता करू लागला, कारण खुर्चीत स्वतः बसायचं होतं.

मुलींचं याहून वाईट. त्यांना पुष्कळदा केंद्रापर्यंत आणलंच जात नाही. ‘बहिणीचा रिश्ता अडेल’ म्हणून यूडीआयडी कार्डसुद्धा काढत नाहीत. म्हणजे सवलती नाहीत, शिष्यवृत्ती नाही, सरकारदरबारी ती मुलगीच नाही. यावर मी आईशी एकटीने बोलून उपयोग होत नाही. रिश्ते ठरवणारे मोठे चाचा, दादी यांच्याशी बोलावं लागतं.

आणखी एक प्रश्न प्रत्येक घरात निघतो: ‘आमच्यानंतर कोण?’ मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, मूल 18 वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. पण पाय गेलेल्या सज्ञान माणसाला पालक लागत नाही. बँकेच्या, जागेच्या कागदावर भावाने त्याच्या वतीने सही करून टाकायची नसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला इतरांइतकाच कायदेशीर अधिकार दिला आहे. हे ऐकल्यावर काही भाऊ चिडतात. चिडू द्यावं, तेही समुपदेशनाचंच काम आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा माणूस असेल, तर पुढच्या तारखेला तुम्ही सोबत जा आणि अम्मीला एक दुपार झोपू द्या. आता प्रश्न विचारा.