प्रयोगशाळेतील संगणक आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आज आम्हांस येथे बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही वक्ते नव्हे. आमचे आयुष्य एका कृषिसंशोधन संस्थेत बाजरी-ज्वारीच्या प्रयोगांचे आकडे जुळविण्यात गेले. तथापि चिटणीसांनी जो विषय सुचविला त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे आणि ती आम्हांस ठाऊक आहे. म्हणून नकार देववला नाही.

आपल्याच एका कुटुंबातील कन्या संख्याशास्त्रात उत्तम गुण मिळवून एका मोठ्या शहरातील संशोधनसंस्थेत साहाय्यक म्हणून रुजू झाली. मंडळाने तिला शिष्यवृत्ती दिली होती. तिच्या आईने गल्लीत पेढे वाटले होते. तिसऱ्या आठवड्यात मुलगी घरी परत आली आणि "ते काम माझे नव्हे," एवढेच बोलून गप्प बसली. कोणी म्हणाले, शहर मानवले नाही. कोणी लग्नाचे पाहू लागले. एके सायंकाळी वडील तिला आमच्याकडे घेऊन आले, तेव्हा खरी हकीकत कळली. पहिल्याच दिवशी तिला सांगण्यात आले, "लॉगिन कर, डेटा सर्व्हरवर टाक आणि जॉब क्यूला लाव." यातील एकाही गोष्टीचा तिला उलगडा झाला नाही. भोवतीच्या सर्वांना ते येत होते. विचारावे तर आपले अज्ञान उघडे पडेल, हे भय. तीन आठवडे तिने पडद्याकडे पाहत काढले.

बंधुभगिनींनो, त्या मुलीचे संख्याशास्त्र आमच्यापेक्षा सरस होते. तिला अडविले ते पाचसात शब्दांनी आणि संकोचाने. दोन रविवार आम्ही तिच्याबरोबर बसलो. ती परत गेली आणि आजही तेथे काम करीत आहे. तिच्या अनुमतीने, नाव न घेता, हे सांगत आहोत. ज्यांना असे दोन रविवार मिळाले नाहीत अशी आपली किती मुले परत फिरली असतील, हा विचार तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही.

प्रथम हे सांगू इच्छितो की, संगणक हे विणकरांच्या लेकरांस परके यंत्र नव्हे. आपले आजे-पणजे नगरच्या आणि भिंगारच्या मागांवर बसले. विसाव्या शतकाच्या आरंभी याच नगरात अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिल यांनी सुधारित हातमाग तयार केला होता. सोलापूरच्या आप्तांकडे ज्यांनी जेकार्डचा माग पाहिला असेल, त्यांना वर टांगलेली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ आठवेल. फ्रान्समधील जाकार याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. पुठ्ठ्यात भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खालीच राहतो. एका पुठ्ठ्यासरशी एक बाणा पडतो. उचल किंवा उचलू नको, या दोनच आज्ञांतून मोर उमटतो आणि कुयरीही उमटते. इंग्लंडात बॅबेज याने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी हेच पुठ्ठे योजिले. अमेरिकेत हॉलेरिथ याने १८९० च्या जनगणनेची मोजदाद भोके पाडलेल्या पत्त्यांवर केली. आजचा संगणकही 'आहे' आणि 'नाही' या दोनच खुणांवर चालतो. फरक वेगाचा आहे.

आपल्या देशातील आरंभही प्रयोगशाळेतच झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. नरसिंहन आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी स्वतः संगणक बांधावयास घेतला आणि १९६० साली तो कामास लागला. 'टिफ्रॅक' हे त्याचे नाव पंतप्रधान नेहरूंनी १९६२ साली ठेवले. एक मोठी खोली व्यापणाऱ्या त्या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती २,०४८ शब्दांची. आज मुलांच्या खिशातील दूरध्वनीत जे एक छायाचित्र असते, तेही त्या स्मृतीत मावले नसते. पुढे १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. टिफ्रॅक बांधणारे तरुण संगणक शिकून आलेले नव्हते. ते बांधता बांधता शिकले. आपल्या मुलांनी हे ध्यानी ठेवावे.

आता जाळ्याविषयी. एकटा संगणक म्हणजे एकटा धागा. संशोधनसंस्थांचे संगणक परस्परांस जोडण्याचा 'एर्नेट' हा प्रकल्प आपल्या देशात १९८६ साली सुरू झाला. मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था, डॉ. रामाणी हे तिचे प्रमुख, पाच आय. आय. टी. आणि बंगळूरची विज्ञानसंस्था यांचा त्यात मोठा वाटा होता. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे आज आपण ज्यावर लग्नपत्रिका पाठवितो, ते जाळे या देशात आधी संशोधकांनी संशोधनासाठी विणले.

जाळे म्हणजे काय हे ज्यास डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याने आपल्या पारनेर तालुक्याच्या शेजारी, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जावे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा जवळजवळ आहेत, उरलेल्या सोळा तीन दिशांस दूरवर शेतांतून पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडीने टिपलेला आकाशातील क्षीण संदेश काचेच्या बारीक तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तेथे संगणक तो एकत्र विणतो. एकट्या तबकडीस जे सूक्ष्म दिसत नाही, ते तीस मिळून पाहतात. आपल्या जिल्ह्यातही राहुरीचे महात्मा फुले कृषि विद्यापीठ १९६८ पासून आहे. कोणत्या पिकास किती आणि केव्हा पाणी द्यावे हे हवामानाच्या आकड्यांवरून सांगणारी साधने तेथील संशोधकांनी मोबाइलवर शेतकऱ्याच्या हाती दिली आहेत. म्हणजे या विद्येचा संबंध आपल्या मातीशीही आहे.

असो. आता आमची एक चूक सांगतो, कारण उपदेशाचा अधिकार आम्हांस त्या चुकीनेच दिला आहे.

१९९० च्या सुमारास आमच्या विभागात पहिला संगणक आला. त्याच्यासाठी गार हवेची खोली केली आणि चपला बाहेर काढून आम्ही आत जात असू, जणू गाभाराच. आम्ही मोठ्या हौसेने तीन खरीप हंगामांचे आकडे त्यात भरले आणि एका सव्वापाच इंची फ्लॉपीवर साठविले. आता वह्या कशास हव्यात, असे वाटून तिसऱ्या हंगामाची शेतवही आम्ही आपल्या हाताने रद्दीत घातली. पुढच्या पावसाळ्यात त्या फ्लॉपीस बुरशी धरली. यंत्राने ती वाचण्याचे नाकारले. पहिल्या दोन हंगामांच्या वह्या प्रक्षेत्रावरील एका वृद्ध मजुराने पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून जपून ठेवल्या होत्या. त्यावरून आम्ही रात्री जागून आकडे पुन्हा भरले. तिसरा हंगाम मात्र गेला तो गेलाच. त्या आकड्यांवर आमच्या एका तरुण सहकाऱ्याचा प्रबंध उभा होता. त्याला प्रयोग पुन्हा पेरावा लागला आणि त्याची पदवी वर्षभर लांबली. तो आम्हांस कधी एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

या अनुभवातून, आणि पुढील वर्षांत जे पाहिले त्यातून, प्रयोगशाळेत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्यांस आमचे सांगणे असे :

पहिली गोष्ट, माणूस शोधा. प्रत्येक प्रयोगशाळेत संगणकांची व्यवस्था पाहणारा कोणीतरी असतो. पहिल्याच दिवशी वही घेऊन त्याच्याकडे जा आणि विचारा : माझे खाते कोणते? माझे काम कोठे साठवावयाचे? येथे काय करू नये? 'लॉगिन' म्हणजे आपल्या नावाने आत जाणे. 'सर्व्हर' म्हणजे अनेकांची सेवा करणारा सामाईक संगणक. पहिल्या महिन्यात विचारलेला प्रश्न कोणास खटकत नाही. वर्षानंतर तोच विचारणे जड जाते.

दुसरी, परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, हा तिजोरीच्या किल्लीसारखा आहे. तो मित्रासही देऊ नये, वरिष्ठांसही देऊ नये. तो मागणारे पत्र आले तर, ते कितीही अधिकृत दिसो, आधी प्रत्यक्ष जाऊन विचारावे. कोठे तरी सापडलेली पेनड्राइव्ह यंत्रास लावू नये. संरक्षणविषयक प्रयोगशाळांत आतले जाळे बाहेरच्या जाळ्यापासून अलग ठेवतात. तेथे हा नियम मोडणे म्हणजे वेशीचा दरवाजा रात्री उघडा टाकणे होय.

तिसरी, काळ्या पडद्यास भिऊ नये. मोठे संगणक बहुधा लिनक्स या प्रणालीवर चालतात आणि त्यांस चित्रांऐवजी शब्दांनी आज्ञा द्यावी लागते. यादी दाखव, या कप्प्यात जा, नक्कल कर, नाव बदल, अशा दहाबारा आज्ञांवर पहिले वर्ष निभावते. परंतु पुसून टाकण्याच्या आज्ञेपूर्वी थांबावे. तेथे पुसलेले बहुधा परत येत नाही. कापडास कात्री लावण्यापूर्वी आपण दोनदा मापतो, तसे.

चौथी, पाळी सांभाळावी. महासंगणक एकाचा नसतो. प्रवरेच्या किंवा मुळेच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे समजाविणे नलगे. आपण नमुना नंबर सातचा अर्ज भरतो आणि आवर्तन सुटले की पाळीने पाणी घेतो. तेथेही तसेच. आपल्या कामाची मागणी, किती यंत्रे आणि किती तास हवेत हे लिहून, रांगेत लावावयाची. यालाच 'जॉब क्यूला लावणे' म्हणतात. ज्या यंत्रावरून सर्वजण आत येतात त्यावरच अवजड काम सुरू करणे म्हणजे चारी फोडून पाणी घेणे. गाव बोलणारच.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, नोंद आणि नकला. मूळ आकड्यांस हात लावू नये. गणित करावयाचे ते नकलेवर. काय केले, कोणत्या तारखेस, कोणत्या आज्ञेने, हे वहीत लिहावे. कामाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या इमारतीत असावी. अधूनमधून ती प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे केवळ समाधान. आमची ती फ्लॉपीही कपाटात सुखरूपच होती.

हे सारे कोणत्याही पुस्तकात मिळेल, असे कोणी म्हणेल. मिळेलही. परंतु ज्यांच्या घरात पूर्वी कोणी प्रयोगशाळेत गेले नाही, त्यांच्या मुलांना कोणते पुस्तक उघडावे हेच ठाऊक नसते. ज्यांचे वडील वा काका तेथे आहेत त्यांना हे जेवताना कळते. आपल्याकडे माग असाच शिकविला गेला. कोणी धडे दिले नाहीत. मूल मागाशेजारी बसले, कांड्या भरू लागले आणि एके दिवशी धोटा त्याच्या हाती आला. ते शेजारी बसणे आपल्या मुलांना या नव्या मागावर मिळत नाही. ती उणीव बुद्धीची नव्हे, सोबतीची आहे. ती भरून काढणे मंडळाच्या आवाक्यात आहे.

म्हणून एक सूचना नम्रपणे मांडतो. मंडळाच्या वाचनालयामागील खोली रिकामी आहे. तेथे दोन जुने संगणक ठेवावेत. लिनक्स प्रणालीस मूल्य पडत नाही. दोन्ही यंत्रे एका तारेने जोडावीत, म्हणजे जाळे कसे बांधतात हे मुले आपल्या हातांनी करून पाहतील. बिघडविले तरी हरकत नाही, बिघडविण्यासाठीच ती असावीत. ज्या विद्यार्थ्यास मंडळाची शिष्यवृत्ती मिळेल, त्याने वर्षातून चार रविवार येऊन मागच्या मुलांजवळ बसावे, एवढी एकच अट शिष्यवृत्तीस जोडावी. वेळ मुलींनाही सोयीची अशी सकाळची असावी. पहिला संगणक आम्ही देतो आणि पहिले चार रविवारही आमचे. जिची हकीकत आरंभी सांगितली त्या आमच्या कन्येने पाचवा रविवार आपणहून मागून घेतला आहे.

टिफ्रॅकची ती खोलीभर नळ्यांची यंत्रणा केव्हाच मोडीत निघाली. आमची फ्लॉपी गेली, आज ज्या यंत्रांचे कौतुक आहे तीही जातील. आपल्या जिल्ह्याचे नावही २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. शिकलेल्याने मागच्याजवळ बसावे ही रीत मात्र आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती आपल्या हातून तुटू नये, एवढीच प्रार्थना आहे.