ताप उतरल्यानंतर

मार्च 2020 मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात एका इटालियन प्रवाशावर कोरोनाचे उपचार झाले. पुढे तपासणीत विषाणू आढळेना. साऱ्यांना हायसे वाटले. त्याच महिन्यात त्या प्रवाशाचे हृदय थांबले. वय उतरतीचे, फुफ्फुसे पोखरलेली. तेव्हा सारा दोष हृदयदाहावर घालणे रास्त नव्हे. पण विषाणू गेला की दुखणे गेले, हा हिशेब भाबडाच.

कोरोना, कॉक्सॅकी, डेंग्यू यांच्यामागोमाग हृदयाचा स्नायू सुजू शकतो. कधी विषाणूमुळे, तर कधी त्याच्याशी झुंजणाऱ्या शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे. छातीत कळ येते, धाप लागते, धडधड होते. तरुण मनुष्य त्यालाच अशक्तपणा समजून पुन्हा तालमीत उतरतो, आणि तेथेच घात होतो. हृदयाचा आलेख व ट्रोपोनिनची रक्ततपासणी यांवरून संशय बळावतो. मग काही महिने जड व्यायाम बंद.