पदराच्या गाठीतली गोळी



मागच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा करून झाले आणि आम्ही सगळ्याजणींना म्हटलं, ज्यांच्याकडे दुखण्याच्या गोळ्या असतील त्यांनी बाहेर काढा. आम्ही १४ जणी होतो, ९ जणींकडे निघाल्या. कुणाच्या बटव्यात मिश्रीच्या डबीशेजारी, कुणाच्या पदराच्या गाठीत. कांदा लागवडीचे दिवस. दिवसभर वाकून कंबर धरते आणि खाडा केला तर रोज बुडतो. म्हणून गोळी. आम्हीही घेतल्यात, खोटं कशाला बोलायचं?

एका काकूंकडे तीन पाकिटं होती. एक डॉक्टरांनी दिलेलं, एक जावेचं, एक दुकानातून आणलेलं. तिन्हींची नावं वेगळी. गटातल्या बारावी झालेल्या सुनेनं मागची बारीक अक्षरं वाचली, तर तिन्हींत पॅरासिटामॉल, आणि दोहोंत त्याच्या जोडीला डायक्लोफेनॅक! काकू तीन औषधं समजून तेच तेच घेत होत्या, तेही सकाळी कोऱ्या चहावर. आशाताईंनी हळूच विचारलं, "काकू, शौचाला काळं होतं का?" लोहाच्या गोळीनंही काळं होतं, पण काकूंनी ती कधीच सोडलेली. दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. पोटात जखम होऊन आतून रक्त जात होतं. आता त्या बऱ्या आहेत, पण तो हंगाम गेलाच.

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही एकाच जातीची औषधं. उपाशीपोटी घेऊ नयेत, आणि दोन मिळून तर नाहीच. त्यांनी रक्तदाब वाढतो. उन्हात पाणी न पिता राबणाऱ्या बाईच्या किडनीवरही ताण येतो. पोटुशी असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. पॅरासिटामॉल पोटाला सोसतं, पण जास्त झालं तर यकृत बिघडतं. धडधाकट माणसालाही दिवसाला ६५० च्या ६ गोळ्या ही शेवटची हद्द, अशक्त बाईला त्याहून कमी.

ट्रॅमाडॉलचं वेगळं. त्याची सवय लागते. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. नवऱ्याच्या ऑपरेशननंतर उरलेली गोळी आपल्या गुडघ्याला चालत नाही. आणि कुणी बरेच दिवस घेत असेल, तर एकदम बंदही करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी करावी.

पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. कागदाच्या पुडीतल्या सुट्या गोळीवर तर नावच नसतं. ती "लई गुणकारी" लागली की आम्हाला जास्तच भीती वाटते, कारण त्यात कधी कधी स्टेरॉइड असतं.

आता आमच्या बैठकीत पहिल्या सोमवारी हप्त्यांच्या वहीबरोबर पाकिटंही उघडतात. तुमच्या गटात वाचणारी कोण आहे, तिला एवढं काम सांगा.