पाद्र्याचं घर

मी पाथर्डीचा. शाळेत असताना धडा मोठ्यानं वाचायची सवय होती मला. आई चुलीपुढं भाकरी थापत ऐकायची. ती कधी शाळेत गेली नव्हती, घरात दखनी बोलायची. पण पुस्तकातलं मराठी पुष्कळदा तिला माझ्याआधी कळायचं. एकदा धडा होता लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांचे यजमान ख्रिस्ती झाले, हे मी सांगितलं तेव्हा आईचा हात थांबला. म्हणाली, "उस बाई को किसी ने पूछ्या था क्या?"

आज बोलायचंय ते त्या प्रश्नाबद्दल.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्या नगरचे पाद्री आणि कवी. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना 'नवा करार' दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला म्हणे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारून नव्हे.

पाद्री म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं पांढऱ्या झग्यातला एकटा माणूस येतो. पण जर्मनीत मार्टिन ल्यूथरनं १५२५ मध्ये पूर्वाश्रमीच्या एका जोगिणीशी लग्न केलं, आणि तेव्हापासून प्रॉटेस्टंट पाद्र्यामागं चूल, पाळणा, उसनवारी सगळं आलं. नगरचं मिशन ल्यूथरपंथी नव्हे, ते अमेरिकन. पण पाद्र्यानं संसारी असावं ही रीत तिथंही तीच. म्हणून पाद्र्याची कारकीर्द सांगायची तर त्याच्या घरात डोकवावंच लागतं.

घर कुणाचं, तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखल्यांचं. वडिलांना सोवळ्याचा एवढा ध्यास, की बाहेरून आलेली वस्तू धुऊन घ्यायची. अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या पदरी पडली आणि लक्ष्मीबाई झाली. नवरा मनात येईल तेव्हा उठून जाणारा, मिळालेला पैसा वाटून टाकणारा. त्यात हे धर्मांतर. नातलगांनी बाईंना आणि लहानग्या दत्तूला आपल्याकडं नेलं. जवळजवळ पाच वर्षं ताटातूट. पुढं त्या नगरला आल्या, तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलंच पाहिजे. मग बाईंनीच विचार केला, जात माणसानं केली असं ठरवलं, आणि १९०० साली स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. आधी न विचारलेल्या बाईनं दिलेलं हे उत्तर. मला ते टिळकांच्या निर्णयाहून मोठं वाटतं.

इथं माझीही एक गोष्ट कबूल करतो. पहिला कवितासंग्रह छापायला मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, आणि सांगितलं नंतर. ती भांडली नाही. आठ दिवस बोललीच नाही.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. सेमिनरीत शिकवलं, १९१२ पासून 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू सांभाळली. देव्हारा बदलला, पण अभंग त्यांनी सोडला नाही. चर्चमध्ये भजनं आली, टाळ आले. आमच्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच रचला होता. मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, असं मला विचारणाऱ्यांना मी ही दोन नावं सांगतो. ती ऐकूनही लोक पुन्हा विचारतात, ते सोडा.

टिळकांच्या त्या घरात पोरसवदा बालकवी राहिले. बाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं. १९१८ मध्ये आगगाडीखाली ते गेले, तेव्हा घरातलाच मुलगा गेला. त्याआधी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला होता. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही तिथं यायला मोकळीक होती. पगार गेल्यावर डब्यात पीठ किती उरलं, हे मात्र बाईंनाच ठाऊक. ९ मे १९१९ ला टिळक गेले.

त्यांचं 'ख्रिस्तायन' काव्य अर्धवट राहिलं होतं. सुरुवातीचे अध्याय तेवढे त्यांचे. पुढचे, म्हणजे जवळजवळ सगळंच पुस्तक, लक्ष्मीबाईंनी लिहिलं, आणि १९३६ मध्ये त्या गेल्यावर शेवटचा अध्याय लिहिला तो दत्तूनं.